कातडीचं दुखणं आणि डोळे : खरंच काही संबंध असतो का?

शेवंता:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

माझ्या धाकट्या भावाला कॉलेजपासून सोरायसिस आहे. कोपर, गुडघे आणि डोक्यात. थंडीत वाढतो, मग जरा दबतो, परत वर येतो, असं चालूच असतं आणि त्यानेही आता ते मान्य करून टाकलंय. गेल्या महिन्यात त्याचा डावा डोळा लाल झाला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात 'डोळे आलेत' म्हणून थेंब दिले, आईने त्याचा टॉवेल वेगळा काढला, पण चिपडं वगैरे काहीच नाही, उलट उजेड सहन होईना, दिवसा पडदे लावून बसायला लागला आणि भुवईच्या वर ठणका. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावून बघितलं आणि विचारलं काय, तर 'अंगावर कुठे चट्टे आहेत का? सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?' भाऊ बघतच राहिला. निदान युव्हिआयटिस. एचएलए-बी२७ नावाची रक्ताची टेस्ट, छातीचा एक्स-रे, कंबरेचा एक्स-रे आणि टीबीसाठी मांटू टेस्ट एवढं लिहून दिलंय.

तर हे खरंच जोडलेलं आहे का? कोपरावरचे चट्टे आणि डोळ्याच्या आतली सूज, मला तर बादरायण संबंध वाटतोय. त्वचेच्या डॉक्टरांनी इतक्या वर्षांत डोळ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि आता नक्की कुणाकडे जायचं, त्वचावाले, डोळेवाले की सांधेवाले? अनुभव असतील तर लिहा. आईचं मत 'उष्णता झालीय, सब्जा पी' असं आहे, ते आधीच नोंदवते म्हणजे परत कुणी सांगायला नको.

टवाळ_टाळकरी:
सब्जा गेला, आता कोकम सरबत उरलं. पहिला प्रतिसाद माझा.

गारगोटी:
बादरायण नाही, सख्खा संबंध आहे. भोगलंय. रात्री सविस्तर टंकते, मोबाईलवर जोडाक्षरं जीव खातात.

दृष्टीआड_सृष्टी:
मी नेत्रतज्ज्ञ आहे, सांगलीकडे. इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण समजावण्यापुरतं लिहितो.

तुमच्या डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न अगदी बरोबर आहेत. डोळे येणं म्हणजे पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याची सूज. त्यात चिकट स्राव येतो, सकाळी पापण्या चिकटतात, खुपतं, पण नजर साधारण शाबूत असते आणि खोल ठणका नसतो. युव्हिआयटिसमध्ये सूज आतल्या भागाला, म्हणजे आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) आणि त्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला. लाली बुबुळाच्या कडेला जास्त, उजेड नकोसा, ठणका, धूसर दिसणं. बाहेरून दोन्ही लालच दिसतात त्यामुळे बॅटरी मारून फरक कळेलच असं नाही, स्लिट लॅम्पवर, म्हणजे त्या हनुवटी टेकवायच्या मशीनवर, आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी दिसतात तेव्हा निदान होतं. उशीर झाला तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते आणि पुढे डोळ्याचं प्रेशर वाढणं, मोतीबिंदू अशी रांग लागते. म्हणून बाहुली मोठी करायचे थेंब देतात. भाऊ म्हणेल यानेच जास्त धूसर दिसतंय, तरी बंद करू नका.

आता संबंध. सोरायसिस हा नुसता कातडीचा आजार नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उठते, त्यात टीएनएफ, आयएल-१७ अशी जी रसायनं सुटतात ती रक्तातून सगळीकडे फिरतात, सांध्यात जातात, डोळ्यातही. पण एक सांगतो, ज्याला नुसते चट्टे आहेत त्याच्यात युव्हिआयटिस फार वेळा होत नाही. ज्याला सोबत सांधे किंवा मणका धरतो, विशेषतः एचएलए-बी२७ हा जीन पॉझिटिव्ह असेल, त्याच्यात शक्यता बरीच वाढते. कंबरेचा प्रश्न त्यासाठीच होता. आणि मांटू यासाठी की आपल्याकडे टीबीमुळेही अगदी असाच युव्हिआयटिस होतो, तो आहे का हे न बघता प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू केली तर पंचाईत.

शेवंता:
डॉक, मनापासून धन्यवाद. कंबर आखडते हो त्याची! आम्ही समजत होतो की खुर्चीत बसून बसून. उठल्यावर तासभर वाकता येत नाही आणि मग चालल्यावर मोकळी होते.

दृष्टीआड_सृष्टी:
विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी, हा तपशील डॉक्टरांना आवर्जून सांगा. खुर्चीमुळे दुखणारी कंबर सहसा उलटी वागते, आडवं पडलं की बरी.

पित्तप्रकोप:
अॅलोपॅथीने सगळं तुकड्यातुकड्यात वाटून घेतलंय, आयुर्वेदात आधीपासून सांगितलंय की रक्त दुष्ट झालं की त्वचा आणि नेत्र दोन्हीवर दिसतं. विरुद्ध आहार बंद करा, दूध आणि मासे एकत्र खाऊ नका. निम्मे आजार जातील. कोडसुद्धा त्यानेच होतं.

केळशीचा_कोळी:
आमच्याकडे जेवणात मासे आणि वर चहा, सात पिढ्या. कोड कुणालाच नाही. कोड व्हायचं असतं तर अख्खी किनारपट्टी पांढरी झाली असती.

पित्तप्रकोप:
चेष्टा करा. अनुभवाचे बोल आहेत.

दृष्टीआड_सृष्टी:
दूध-माशाने कोड होत नाही. ती रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींवर प्रतिकारशक्तीने केलेली कुरघोडी असते. पण बोलता बोलता तुम्ही बरोबर ठिकाणी आलात. व्हीकेएच, म्हणजे व्होग्ट-कोयानागी-हराडा नावाचा आजार आहे, त्यात त्याच रंगद्रव्याच्या पेशी डोळ्यातही मार खातात. दोन्ही डोळ्यांना जोरदार युव्हिआयटिस, डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी साठून नजर एकदम जाते, डोकं दुखतं, कानात आवाज, आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पापण्यांचे केस पांढरे, अंगावर कोड. आपल्याकडे तो अगदीच दुर्मिळ नाही. म्हणजे डोळा आधी आणि कातडी नंतर असंही होतं. तसाच बेहचेटचा आजार, वारंवार तोंड येणं, गुप्तांगावर व्रण आणि डोळ्यात सूज. हुलुसी बेहचेट या तुर्की डॉक्टरांनी १९३७ मध्ये ही तिन्ही लक्षणं एकत्र मांडली, आणि ते स्वतः त्वचारोगतज्ज्ञ होते.

साध्या कोडवाल्यांनी मात्र घाबरू नये, त्यातल्या बहुतेकांना डोळ्याचा असा काही त्रास होत नाही.

गारगोटी:
हं, आले. तर माझी गोष्ट. मला आधी नखं झाली होती, म्हणजे नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे. पार्लरवाली म्हणाली कॅल्शियम कमी आहे. मग टाच दुखायला लागली, सकाळी पहिली पावलं टाकताना जीव जायचा, तेव्हा सगळे म्हणाले चप्पल बदल. मग एक बोट सुजलं अख्खं. कानामागे चट्टा होता तो मी कोंडा समजत होते. या सगळ्याची मोळी बांधली ती डोळ्याने. युव्हिआयटिस झाला, तिथून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांधेवाल्यांकडे पाठवलं आणि त्यांनी माझी नखं बघून दोन मिनिटांत सांगितलं, सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबतचा संधिवात.

डोळा थेंबांनी बरा झाला, मग दुसरा आला, मग परत पहिला. दरवेळी स्टिरॉइडचे थेंब आधी तासातासाला, मग हळूहळू कमी. शेवटी अॅडॅलिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनवर ठेवलं. हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये युव्हिआयटिससाठीही मंजूर झालंय, आपल्याकडे त्याचं देशी रूप त्याआधीच आलं होतं त्यामुळे परवडण्याच्या जरा जवळ आलं, तरी स्वस्त नाहीच. त्याआधी टीबीच्या टेस्ट झाल्या. एक ऐकून ठेवा शेवंता, याच जातीचं एटॅनरसेप्ट म्हणून इंजेक्शन आहे, ते कातडी आणि सांध्याला चालतं पण डोळ्यासाठी त्याचा तेवढा उपयोग नाही, उलट काहींना ते घेत असतानाच युव्हिआयटिस झालाय. म्हणून इंजेक्शन निवडताना त्या डॉक्टरांना डोळ्याचं माहीत असणं गरजेचं आहे. माझ्या त्वचेच्या डॉक्टरांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एकमेकांची नावंसुद्धा माहीत नव्हती, निरोप्या मीच.

शेवंता:
बाप रे. भावाची नखं बघितली आत्ता. खड्डे आहेत.

टवाळ_टाळकरी:
धागा वाचून मी पण स्वतःची नखं बघतोय. फक्त मळ आहे.

ऊसाचा_फड:
विषय निघालाय तर विचारतो. माझ्या मुलीला लहानपणापासून इसब आहे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळगीत. सोबत डोळे खाजतात, दोन्ही मुठींनी चोळत बसते. शाळेत चष्मा लागला, नंबर दर सहा महिन्यांनी बदलतोय आणि तो तिरका नंबर म्हणजे सिलिंडर वाढतोय. चष्मेवाला म्हणतो मोबाईलमुळे.

कऱ्हाकाठ:
चोळल्याने काय होतंय हो, आम्ही पण आयुष्यभर चोळले. नुसता नंबर आहे, वय वाढलं की थांबेल.

दृष्टीआड_सृष्टी:
कऱ्हाकाठ, तुमचं नशीब, पण हिच्या बाबतीत हा सल्ला देऊ नका. इसबवाल्या मुलांमध्ये अॅलर्जीची सूज डोळ्यातही असते, खाज जबरदस्त असते आणि चोळून चोळून बुबुळाचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, पातळ होऊन पुढे सुळक्यासारखा येऊ शकतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. चोळणं हे एकच कारण नसतं, पण मोठं कारण आहे. वाढता सिलिंडर आणि डोळे चोळणारं मूल म्हटल्यावर मोबाईलला दोष देण्याआधी कॉर्नियल टोपोग्राफी करून घ्या, म्हणजे त्या पडद्याचा उंचसखलपणा मोजणारी तपासणी. दुखत नाही, पाच मिनिटांचं काम. वाढताना सापडला तर क्रॉसलिंकिंग करता येतं, आपल्याकडे सी३आर म्हणतात. ब जीवनसत्त्वातलं रायबोफ्लेविन डोळ्यात टाकून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात, पडद्यातले धागे घट्ट होतात. जर्मनीत ड्रेस्डेनला हे तंत्र निघालं. वाढ थांबते, गेलेला आकार मात्र सहसा पूर्ण परत येत नाही, त्यामुळे लवकर जाण्याला अर्थ आहे.

आणि खाज आधी आटोक्यात आणा. 'चोळू नकोस' असं नुसतं ओरडून मूल थांबत नाही, अॅलर्जीचे थेंब लागतात.

ऊसाचा_फड:
उद्याच नंबर लावतो. धन्यवाद डॉक्टर.

हडसन_काठची_मैना:
अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून. मला मोठेपणी इसबाचा प्रचंड त्रास, ड्युपिलुमॅब सुरू केलं. २०१७ मध्ये इथे मंजूर झालेलं इंजेक्शन. कातडीला जादू, खरंच, कित्येक वर्षांनी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घातला. पण काही महिन्यांत डोळे लाल आणि कोरडे, पापण्यांच्या कडा सुजलेल्या. मला वाटलं पोलन. तर तो त्या औषधाचाच परिणाम, माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं. गंमत म्हणजे हेच औषध दम्यासाठी घेणाऱ्यांना हा त्रास तेवढा दिसत नाही, इसबवाल्यांनाच होतो. औषध बंद नाही केलं, डोळ्यांचे उपचार जोडीला चालू ठेवले.

राजगिरा:
स्टिरॉइड म्हणजे विष. एवढंच लिहिते. माझ्या मावशीने वांगासाठी मैत्रिणीने सांगितलेलं गोरं करणारं मलम लावलं, चिठ्ठीशिवाय मिळालं दुकानात. डोळ्याखाली, पापणीवर, वर्षानुवर्षं. चेहरा लाल आणि पातळ झाला तो झालाच, पण डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदूचे थेंब कायमचे मागे लागले. कुणीतरी बंदी आणा यावर.

दृष्टीआड_सृष्टी:
मावशींचं वाचून वाईट वाटलं, आणि हे मी दर आठवड्याला बघतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी केली, कागदावर. दुकानात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, तिथून औषध आत झिरपतं.

पण 'विष' हा शब्द इथे नको, कारण शेवंताताईंचा भाऊ आत्ता ज्या थेंबांवर आहे तेही स्टिरॉइडच आहे आणि त्यानेच त्याचा डोळा वाचतोय. उद्या तो तुमचा प्रतिसाद वाचून थेंब बंद करेल. फरक एवढाच की त्याचं प्रेशर प्रत्येक भेटीत मोजलं जातं आणि थेंब हळूहळू उतरवले जातात. एकदम थांबवले तर सूज उसळून परत येते.

राजगिरा:
मान्य. पण राग आहे माझा.

मावळती_मैफल:
स्कॉटलंडमधून लिहितोय. मला गेली काही वर्षं सारखी रांजणवाडी यायची. एक गेली की दुसरी. आईने फोनवर सांगितलं तर्जनी तळहातावर घासून गरम करून लाव, लवंग उगाळून लाव, सगळं केलं. इथल्या डॉक्टरांनी एकदा चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तिखट खाल्ल्यावर, गरम चहा प्यायल्यावर गाल तापतात का? रोझेशिया निघाला, चेहरा लाल होणारा त्वचेचा आजार. ऑफिसात लोकांना वाटायचं मी दुपारीच पिऊन येतो. सावळ्या रंगावर लाली पटकन ओळखू येत नाही म्हणून भारतात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दृष्टीआड_सृष्टी:
उत्तम उदाहरण. रोझेशियात पापणीच्या कडेला तेलग्रंथी असतात त्या बिघडतात, तेल थंडीतल्या तुपासारखं थिजतं, ग्रंथी तुंबतात, मग रांजणवाडी, गाठी, कोरडे डोळे, आणि दुर्लक्ष केलं तर बुबुळावरही परिणाम. काहींना चेहऱ्यावर काही दिसायच्या आधी डोळ्यांतच सुरू होतं. उपाय कंटाळवाणा आहे, रोज गरम फडक्याने शेक, पापण्यांच्या कडा साफ करणं, आणि डॉक्टरांनी दिलं तर कमी डोसमध्ये डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. लवंग मात्र नको हो, डोळ्यात गेली तर मला ओव्हरटाइम.

शेक आजीही सांगायच्या, तिथे त्या बरोबर होत्या.

मावळती_मैफल:
आणि किडे सांगायचे राहिले. पापण्यांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे असतात, रोझेशियात जास्त. डॉक्टरांनी फोटो दाखवला.

टवाळ_टाळकरी:
जेवताना वाचत होतो रे.

केळशीचा_कोळी:
भाड्याने देतात का पापण्या? आमच्याकडे बिनभाड्याचे राहतायत म्हणजे.

दृष्टीआड_सृष्टी:
मोठ्या वयात जवळजवळ सगळ्यांकडे थोडेफार असतात, घाबरण्यासारखं नाही, संख्या वाढली की त्रास. २०२३ मध्ये अमेरिकेत त्यावर लोटिलानरचे थेंब मंजूर झाले. हे औषध त्याआधी कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठी वापरात होतं.

टवाळ_टाळकरी:
मी धागा सोडतोय.

पित्तप्रकोप:
नागिणीबद्दल कुणी बोलत नाहीये. ती पण कातडीचीच ना? आमच्या गावात कपाळावर नागीण आली की मांत्रिक बघतो, विळखा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणतात.

दृष्टीआड_सृष्टी:
ती विषाणूची, कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होतो, त्यामुळे धाग्याच्या विषयाच्या कडेला आहे, तरी चांगली आठवण केलीत. विळखाबिळखा काही नाही. पण कपाळाच्या एका बाजूला पुरळ आलं आणि नाकाच्या शेंड्यावरही फोड दिसला, तर डोळ्यात उतरण्याची शक्यता खूप, कारण त्या शेंड्याला आणि डोळ्याला एकच मज्जातंतू जातो. हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी हे एकोणिसाव्या शतकातच टिपलंय. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वात चांगलं. हे तास मांत्रिकाकडे घालवू नका.

पित्तप्रकोप:
हे पटलं. शेजारच्या काकांना नाकावर आहे आत्ता. पाठवतो.

चांदणवेल:
ल्युपस आहे मला, हाही प्रतिकारशक्ती स्वतःवरच उठण्याचा आजार, गालांवर लाली आणि सांधे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेते. मार्च २०२० मध्ये करोनावर चालतं म्हणून लोकांनी दुकानं रिकामी केली आणि आम्ही नेहमीचे पेशंट वणवण फिरत होतो. एका नातेवाईकांनी तर माझ्याच डबीतल्या गोळ्या मागितल्या! असो. सांगायचं हे की ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून सुरू करताना एकदा तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजणारी). डोस वजनावर, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या वर नाही. मला हे सांगितलं ते फार्मसीतल्या एका मुलीने.

गारगोटी:
सोरायसिससाठी ज्यांना सोरालेनची गोळी घेऊन अतिनील प्रकाशाच्या मशीनमध्ये उभं करतात (पुवा), त्यांनी तो काळा चष्मा त्या दिवशी घरी आल्यावर पण घालायचा असतो. खिडकीपाशी बसलं तरी. माझी एक मैत्रीण लाजून काढून ठेवायची.

शेवंता:
अपडेट. मांटू निगेटिव्ह, छाती स्वच्छ. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह. कंबरेच्या एक्स-रेमध्ये संशय आहे म्हणून एमआरआय सांगितलाय. डोळ्याची लाली उतरली, थेंब आता दिवसातून चारदा. बाहुली अजून मोठीच आहे त्यामुळे भाऊ घरात गॉगल घालून फिरतो आणि आई 'हिरो आले' म्हणते. गारगोटी, तुमच्या पोस्टवरून एक केलं, त्याची एकच फाईल केली, पहिल्या पानावर तिन्ही डॉक्टरांची नावं, चालू औषधं आणि आधी कधी काय झालं ते. त्वचेच्या डॉक्टरांनी ती वाचली आणि स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला माझ्यासमोर.

डॉक, एकच शेवटचं. भावाच्या मुलाची पण ही बी२७ टेस्ट करून घ्यावी का? वहिनी मागे लागलीय.

दृष्टीआड_सृष्टी:
नको. हा जीन असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काहीही होत नाही. पॉझिटिव्ह आली तरी आज करण्यासारखं काही नाही, नुसती घरात काळजी. मुलाला डोळा दुखून लाल झाला किंवा सकाळी कंबर आखडायला लागली तर तेव्हा बघू. भावाला मात्र सांगा, परत डोळा लाल झाला तर घरात उरलेले जुने थेंब टाकायचे नाहीत, त्याच दिवशी स्लिट लॅम्पवर दाखवायचं.

नवखा_पाहुणा:
धागा वाचला नाही, पण डोळ्याखाली काळी वर्तुळं आहेत, कुठलं मलम लावू? दुकानदाराने एक दिलंय.

राजगिरा:
वाच. वरून खाली, सगळा. मग मलम घेऊन ये इकडे, नाव काय आहे त्याचं?